चार्जिंगचा मुक्काम

...आन् बघा, परत वाजला! खिशात फोन ठेवायची सोय न्हाई राव. सकाळी दात घासताना वाजतो, जेवताना वाजतो, गिरणीत दळण टाकलं की वाजतो, परवा तर एका मयतीला गेलो तिथं वाजला, आन् सगळी मंडळी माझ्याकडं अशी बघाय लागली की जणू मीच मारलाय त्या माणसाला! तुम्हाला सांगतो, माणसानं आयुष्यात काहीबी व्हावं. सरपंच व्हावं, सोसायटीचा चेअरमन व्हावं, दोन्हीकडनं शिव्या खाव्यात... पण व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन होऊ नये. मी झालो.

ग्रुपचं नाव 'शिरूर-दौंड गाडीवाले'. हेतू चांगला होता हो! दौंडाकडनं कुणी शिरूरला निघालं, गाडीत जागा हाय, तर टाकायचं ग्रुपवर. कोरेगाव भीमाला ट्रॅफिक तुंबलं, टाकायचं ग्रुपवर. बास! थोडे दिवस झ्याक चाललं. मग एका शहाण्यानं टाकलं, 'आता पेट्रोलच्या गाड्या जाणार, सगळीकडं इलेक्ट्रिक येणार.' खलास! तवापासनं ह्या ग्रुपमधनं एका माणसानं दुसऱ्या माणसाला शिरूरला नेलेलं न्हाई. आपापल्या घरी बसून नुसती भांडत्यात.

आन् ह्या भांडणात सगळ्यात पुढं कोण? आमचे हौसराव आप्पा! पाटसच्या अलीकडं आमची वस्ती. माझी गिरणी आन् आप्पांचं घर, मधी एक लिंबाचं झाड, एवढंच अंतर. आप्पांना बारीक अक्षरं टाईप करायला जमत न्हाई, म्हणून ते फोन तोंडापुढं धरून बोलत्यात आन् फोन लिहीत बसतो. म्हंजी काय होतं, भांडण आधी मला लिंबाखालनं ऐकू येतं, आन् मग तेच भांडण माझ्या खिशात वाजतं. एकच भांडण, दोनदा! सांगा, ह्याला काय म्हणायचं?

"आरं पेट्रोल ते पेट्रोल!" आप्पा लिंबाखाली खाटंवर बसून फोनला दरडावत्यात. "पेट्रोलमधी आपला ऊस हाय! कारखान्यात इथेनॉल होतंय, ते पेट्रोलमधी पडतंय. इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस आपल्या उसाच्या मुळावर उठलाय, स्वल्पविराम!" स्वल्पविराम बी तोंडानं! आन् फोन येडा, 'स्वल्पविराम' असं अक्षरात लिहितो. तरी खाली अंगठ्यांची रांग! ऊस म्हटलं की आमच्याकडं अंगठा आपोआप वर होतो.

बरं, पेट्रोलसाठी एवढा जीव टाकणाऱ्या माणसाकडं गाडी हाय का? न्हाई! सायकल हाय. तीबी मागच्या चाकात हवा न्हाई म्हणून भिंतीला टेकवलेली.

समोरच्या बाजूला कोण, तर फिरोज. दौंडच्या नबीलाल मिस्त्रींचा मुलगा, सणसवाडीला कंपनीत इलेक्ट्रिक गाड्यांचं वायरिंग करतो. पोरगं इतकं अदबीचं की त्याच्याशी भांडायला बी लाज वाटावी. "हौसमामा, सलाम. राग मानू नका, पण बॅटरीला आठ वर्षांची गॅरंटी हाय." झालं! आप्पा खाटंवरनं उठून उभे. "आठ वर्षं? आरं माणसाची गॅरंटी न्हाई आठ वर्षांची, आन् बॅटरीची सांगतोस व्हय!" मग फिरोज, "मामा, तब्येत सांभाळा." मग आप्पा, "तब्येतीचं काढू नको, गाडीवर बोल!" आन् आतनं तुळजाकाकी, "अवो, म्हैस सुटली, दूध उतू गेलं, आन् तुम्ही कुणाच्या गाडीवर भांडताय? आपल्याला हाय का गाडी?" न्हाई! म्हटलं ना, सायकल हाय!

आता तुम्ही म्हणाल, रिकामा माणूस हाय, दुसरं काय. मलाबी आधी तसंच वाटायचं. पण दोन घरांत नुसतं लिंबाचं झाड असलं ना, की पान हललेलं बी कळतं माणसाला. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की आप्पांचं भांडण रोज सारखं नसतं. ज्या दिवशी अनिता येऊन जायची, त्या दिवशी संध्याकाळी भांडण सगळ्यात मोठं व्हायचं.

अनिता म्हंजी आप्पांची लेक. एकुलती एक. शिरूरला दिलीय. सासर चांगलं, कुणाला नाव ठेवायला जागा न्हाई. व्याही गुलाबराव म्हंजी बोलायला पैसं पडत्यात असं वाटणारा माणूस. आमच्याच ग्रुपमधी हायेत, पण आजवर एक 'शुभ सकाळ' सोडलं तर अक्षर न्हाई. विहीणबाई सखूबाई, त्या बी मायाळू, पण त्यांचा एक नेम. देवापुढला दिवा घरच्या सुनंनंच लावायचा. "माहेराला जा की गं बाई, कोण नको म्हणतंय? पर दिवे लागायच्या आत घरी ये." वाईट बोलल्या का? न्हाई. पण शिरूरवरनं न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला करत पाटसला यायचं, आन् दिवे लागायच्या आत परत पोचायचं, मग माहेराला राहिलं काय? दिवाळी, पंचमीचा मुक्काम सोडला, तर पोरगी नुसती येऊन तोंड दाखवून जायची.

जावई सत्यजीत, मोठा गुणी पोरगा. पण त्याची जुनी पेट्रोलची गाडी! दुपारी यायची, जेवणं व्हायची, आन् उन्हं जरा कलली की जावईबापू जाऊन गाडी सुरू करून ठेवायचे. का? तर म्हणे आत गार व्हायला पाहिजे. ती गाडी दारात घुं घुं घुं करत उभी, आन् आत तुळजाकाकी लेकीची ओटी भरत्यात तर घाईनं तांदूळ खाली सांडत्यात. आप्पा नुसते दारात. "अगं पापड घेतलेस का? अगं ते लोणचं..." घुं घुं घुं! "अगं, तुला एक सांगायचं ऱ्हायलं..." घुं घुं घुं! काय सांगायचं ऱ्हायलं ते कधी सांगून झालं न्हाई त्या माणसाचं.

गाडी निघाली की आप्पा मागनं चालत कॅनॉलच्या पुलापातूर जायचे. तिथं कठड्याला धरून उभे. धूळ खाली बसली, रस्ता रिकामा झाला, तरी उभे. मग घरी येणार, आन् अनितानं पाणी प्यालेला तांब्या तसाच कोपऱ्यात असायचा, काकी तो लगेच उचलायच्या न्हाईत, आप्पा बी उचलायचे न्हाईत. मग लिंबाखाली यायचे, फोन तोंडापुढं धरायचे, आन् म्हणायचे, "कोण म्हणतो रं पेट्रोल वाईट?" आता सांगा, काय बोलायचं ह्या माणसाला? लेकीला नेणारी गाडी पेट्रोलची, आन् हा तिचीच बाजू घेऊन भांडतोय! भांडायला काहीतरी पाहिजे ना हो. घर खायला उठतं.

आन् मग सत्यजीतनं गाडी बदलली. इलेक्ट्रिक घेतली!

आप्पांना कळवलंच न्हाई. कुणाची हिंमत? रविवार होता, आप्पा लिंबाखाली नेहमीप्रमाणं फोनवर तोफा डागत होते. आन् ती इलेक्ट्रिक गाडी वस्तीवर आली ती कशी? आवाज न्हाई, काय न्हाई. कुत्रं उठलं न्हाई! आप्पांची पाठ तिकडं. आप्पा फोनला सांगतायत, "इलेक्ट्रिक गाडी म्हंजी निव्वळ फसवणूक..." आन् मागनं अनिता म्हणाली, "आप्पा!" आता आप्पा वळले, पण फोन कुठं थांबतोय? तो लिहितोच हाय! आन् गेलं सगळं ग्रुपवर, एका दमात: 'इलेक्ट्रिक गाडी म्हंजी निव्वळ फसवणूक अगं आलीस व्हय ये बाळा ये ये किती वाळलीस गं जेवत न्हाईस का.'

तिकडनं फिरोज, "मामा, मी वाळलो न्हाई, पण विचारलंत, बरं वाटलं."

तर ते जाऊ द्या. गाडी बघून आप्पांचा चेहरा असा झाला, की गाडीपेक्षा तोच बघायला गर्दी झाली. पण जावयाला बोलतो कसा माणूस? गप जेवले. जेवणं झाली, उन्हं कलली, अनिता उठून गाडीत डोकावली आन् म्हणाली, "आप्पा, चार्जिंग जरा कमीच वाटतंय. लावायची का हितं?" सत्यजीतनं आधी गाडीतल्या आकड्याकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आन् म्हणाला, "व्हय... लावलेली बरी."

मग जो काय राडा झाला! वायर पुरंना. माझ्या गिरणीतली वायर आणली, गोठ्यातनं काढली, म्हशीला बाजूला बांधली, खिडकीतनं आत घेतली. आप्पा स्वतः काठी घेऊन वायरीजवळ बसले, शेळी चावंल म्हणून. तुळजाकाकींनी गाडीला हळद-कुंकू लावलं ते लावलं, प्लगला बी लावायला निघाल्या, सत्यजीत किंचाळला, "आई, करंट हाय!" वस्तीतली सगळी बाया-माणसं गोळा. "किती झाली?" "थोडी झाली." "आता किती?" "आणखी थोडी." म्हंजी एखादी म्हैस व्यायला लागल्यावर जसं विचारत्यात ना, तसं.

आन् असं करता करता सूर्य गेला खाली. सत्यजीत उठला, "चला, पुरंल बहुतेक." तशा तुळजाकाकी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला. "जावईबापू, तिन्हीसांजा झाल्या. तिन्हीसांजेला लेकीला वाटं लावत न्हाईत आमच्यात." संपला विषय! सत्यजीतनं घरी फोन लावला, आन् सखूबाईंनी ऐकलं, आन् त्या काय म्हणणार हो? दिव्याचा नेम पाळणारी बाई, ती तिन्हीसांजेला दुसऱ्याची लेक बाहेर काढा म्हणंल? "ऱ्हावा मग," म्हणल्या. "सकाळी या."

तुम्हाला सांगतो, त्या संध्याकाळी मी गिरणी बंद करून बसलो होतो, तर लिंबापलीकडनं आवाज येतोय. बांगड्यांचा. भाकरी थापायचा. अनिता आप्पांना रागावतीय, "आप्पा, खोकल्याचं औषध घेतलं का? कुठं ठेवलंय? दावा मला!" आन् आप्पा लहान पोरागत, "घेतो गं, घेतो." आवं, दोन वर्षांत त्या माणसाला असं दटावलं नव्हतं कुणी! काकी दटावत्यात, पण ते निराळं. लेकीनं दटावलं की माणसाला वाटतं, आपण अजून हाय कुणाच्या तरी हिशोबात.

सकाळी अंगण अनितानं झाडलं. आप्पा गाडीभोवती हळूच एक फेरी मारून आले, बॉनेटवर हात ठेवला, आन् मला म्हणाले, "संपत, गाडी वाईट न्हाई रं. गरीब हाय."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर भूकंप! "कोण म्हणतो रं इलेक्ट्रिक वाईट?" आप्पा! 'आप्पांचा फोन कुणीतरी चोरला' म्हणून मला चौघांनी फोन केले. "आप्पा, आन् आपला ऊस?" एकानं रडकुंडीला येऊन विचारलं. आप्पा म्हणाले, "वीज कुठनं येती? कारखान्यात उसाचं चिपाड जाळून वीज करत्यात, ठावं न्हाई व्हय? म्हंजी उसावरच चालती की, येड्यांनो!" परत अंगठे! तेच अंगठे, तीच माणसं! आन् फिरोज तर हरखून गेला. "मामा, तुमच्यासारख्या बुजुर्ग माणसाला पटलं, आता तालुक्याला पटंल." बिचाऱ्याला काय ठावं, काय पटलंय ते.

बरं, आता तरी गाडी घेतली का? न्हाई! सायकलच. हवा न्हाईच.

मग अनिता महिन्याच्या महिन्याला यायला लागली. आली की, "आप्पा, चार्जिंग कमी वाटतंय." वायर, गोठा, म्हैस, काठी, तिन्हीसांज, मुक्काम. पण आप्पांना धाकधूक. न जाणो, तिन्हीसांजेच्या आत गाडी भरली तर? म्हणून ह्या माणसानं काय केलं, ऐका. तिसऱ्या खेपंला मी गिरणीत दळतोय, लाईट हाय, पंखा गरगर फिरतोय, आन् लिंबापलीकडनं आप्पा ओरडत्यात, "गेली रं लाईट! ह्या वीजवाल्यांनी तर जीव नकोसा केलाय!" मी बाहेर आलो. म्हटलं, "आप्पा, माझी हाय की." तर आप्पांनी असं काही बघितलं माझ्याकडं... आन् पैरणीचा खिसा हातानं झाकला. खिशातनं पांढरा फ्यूज डोकावत होता! मीटरच्या पेटीतला काढून खिशात टाकलेला! मी गिरणी बंद केली, आन् मोठ्यानं म्हणालो, "व्हय आप्पा, माझीबी गेली!"

असे चार-पाच मुक्काम पदरात पडले. आन् मग आप्पांनी स्वतःच्या हातानं, न्हाई, स्वतःच्या तोंडानं माती केली.

झालं काय, ग्रुपवर एका पेट्रोलवाल्यानं टाकलं, 'इलेक्ट्रिकला चार्जिंगला लई वेळ लागतो.' आता आप्पा इलेक्ट्रिकचे सेनापती ना! उचलला फोन. "लागतो तर लागू द्या की! आमच्या अनिताची गाडी शिरूरवरनं येती, हितं रातभर चार्जिंगला लावावी लागती, पोरगी मुक्काम करती, सकाळी ताजी होऊन जाती. काय बिघडलं?" गेला मेसेज. आप्पा खूश. मी गिरणीत वाचला आन् मलाबी काय वाटलं न्हाई.

पण फिरोजला वाटलं! इलेक्ट्रिकची बदनामी, ती बी आपल्याच माणसाकडनं! त्यानं लगेच लिहिलं. "मामा, माफ करा, पण तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. शिरूर ते पाटस साठ-पासष्ट किलोमीटर. ही गाडी एकदा भरली की अडीचशेच्या पुढं जाती. म्हंजी शिरूरवरनं यायचं, परत जायचं, आन् घरी पोचून वर आणखी एक चक्कर होईल. तुमच्याकडं चार्जिंग लावायची गरजच न्हाई. ताईंना म्हणावं, बिनधास्त संध्याकाळी परत जात जा."

मी पळत लिंबाखाली गेलो. आप्पा फोन लांब धरून वाचत होते. वाचला. परत वाचला. मला म्हणाले, "संपत, चष्म्याचं काय झालंय का बघ, तू वाच." मी वाचला.

आप्पा खाटंवर बसले. हळूच म्हणाले, "म्हंजी लागतच नव्हती चार्जिंग."

"न्हाई आप्पा."

"मग ती... म्हंजी ती आपल्या मनानंच थांबत होती व्हय रं?"

आतनं तुळजाकाकी आल्या, हात पिठाचे. "मला ठावं होतं," म्हणल्या. "पहिल्याच दिवशी. पिशवीत रातच्याला नेसायचं लुगडं घेऊन आली होती पोर. चार्जिंग संपणार हे गाडीला कळायच्या आधी तिच्या पिशवीला कळलं होतं." आप्पा म्हणाले, "मग मला का न्हाई सांगितलंस?" काकी म्हणल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ग्रुपवर घातलं असतं!" आन् घातलंच होतं ना हो, घातलंच होतं!

आप्पांचे डोळे भरून आले. तुम्हाला सांगतो, मला आधी वाटलं, लाजेनं. पण न्हाई. ते एकदम खिशाकडं हात नेत म्हणाले, "उकाड्यात बसवली रं मी तिला. पंख्याबिगर. ती राहायलाच आली होती, आन् मी फ्यूज काढून तिला उकाड्यात बसवली."

आन् तेवढ्यात काकींच्या ध्यानात आलं. "अवो... व्याही हायेत ना त्या ग्रुपमधी?"

फिरोजचं गणित गुलाबरावांनी वाचलं, की घरी सांगणार, सखूबाई म्हणणार, गरज नसताना सून राहती म्हंजी काय? मग परत तेच. दुपारी ये, दिवे लागायच्या आत जा. आप्पा ओरडले, "संपत, तू ॲडमिन हायेस ना? पूस ते!" आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, ॲडमिन झाल्याचं सार्थक झालं! दाबलं, पुसला. आन् त्या जागी काय आलं? 'ॲडमिन संपत यांनी हा मेसेज डिलीट केला.' आरं देवा! जी माणसं म्हयनाभर झोपली होती ती उठली! 'काय होतं?' 'काय डिलीट केलं?' 'कुणाबद्दल होतं?' आन् फिरोज, गुणाचा पोरगा, "संपतकाका, चुकून गेलं वाटतं, परत टाकतो." आन् परत टाकलं! वर दोन ओळी वाढवून!

मग आप्पांनी जे केलं ना, ते मी जन्मात विसरायचो न्हाई. फोन उचलला, आन् फिरोजच्या विरोधात, इलेक्ट्रिकच्या विरोधात, स्वतःच्याच विरोधात उभे राहिले. "फिरोजचं गणित साफ चुकलंय! पारगावच्या पुलाला चढ हाय!" 'आप्पा, पूल सपाट हाय.' "तुला सपाट दिसतो, बॅटरीला चढ लागतो!" 'आप्पा, असं नसतं.' "आन् पोरगी माघारी जाताना आम्ही गाडीत भोपळे घालतो, ज्वारीचं पोतं घालतो. वजनानं बॅटरी उतरती!" लोक हसून लोळायला लागले. 'आप्पांची भोपळ्याची बॅटरी.' 'आप्पा, तुम्ही आता नक्की कुणीकडनं?' 'आप्पांना मोबाईल कुणी दिला रे?' ज्या माणसानं दोन वर्षांत ग्रुपवर हार मानली न्हाई, त्याची अशी टर उडवली पोरांनी, आन् आप्पा, तुम्हाला सांगतो, एकालाबी उलटं बोलले न्हाईत. एकच घोकत राहिले. "रातभर लागती. म्हंजी लागतीच. रातभर लागती."

आन् तेवढ्यात वर उमटलं, 'गुलाबराव टायपिंग...' आम्ही तिघं त्या फोनवर वाकलो. थांबलं. परत 'टायपिंग'. परत थांबलं. काकींनी पदर तोंडात धरलेला. ह्या माणसाला एक 'शुभ सकाळ' लिहायला दोन वर्षं लागलेली, आता किती वेळ लागणार कोण जाणे! आप्पा म्हणाले, "वाच रं संपत, मला न्हाई बघवत." आन् मेसेज आला.

'पाव्हणे बरोबर बोलतात. गाडी आमची हाय, आम्हाला ठावं. बॅटरी नरम हाय, रातभर लावावीच लागती. आन् देवापुढला दिवा लावायला मी घरीच असतो. हिला बी सांगितलंय.'

ग्रुपवर सगळे चक्रावले. 'कसला दिवा?' 'विषय काय, बोलताय काय?' कुणाला कळलं न्हाई. आप्पांनी मला तो मेसेज परत वाचायला लावला. मग परत. मग मीटरच्या पेटीतला तो फ्यूज काढून माझ्या हातात दिला आन् म्हणाले, "हा कायमचा बसव बाबा." आन् आत जाऊन भिंतीकडं तोंड करून उगाच सायकलची घंटी पुसत बसले.

तर आता अनिता येती. उन्हं कलली की, "आप्पा, चार्जिंग कमी वाटतंय." आप्पा म्हणत्यात, "लाव की बाळा." दोघंबी एकमेकांकडं बघत न्हाईत. सत्यजीत वायर लावतो, पंखा जोरात, आन् तिन्हीसांजेला काकी उंबऱ्यात उभ्या राहायच्या ते आता राहत बी न्हाईत, भाकरीला बसत्यात सरळ. आन् त्या जुन्या गाडीच्या घुं घुं मधी सांगायचं ऱ्हायलेलं आप्पांनी एकदाचं लेकीला सांगितलं. काय होतं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई रं. म्हटलं, घर सुनं लागतं."

आन् ग्रुपचं काय झालं? दोन बाजूंच्या दोन बुजुर्ग माणसांनी सांगितलं, बॅटरी नरम हाय. झालं! साऱ्या ग्रुपनं ठरवलं, इलेक्ट्रिक बोगस. पेट्रोलवाले जिंकले! आप्पा पेट्रोलच्या बाजूनं दोन वर्षं भांडले तवा न्हाई जिंकले, आन् इलेक्ट्रिकच्या बाजूला जाऊन पेट्रोलला जिंकून दिलं. फिरोजचा मला फोन, रडवेला, "संपतकाका, मामा आमच्याकडं कशाला आले हो?"

संपलं असं वाटलं ना? मलाबी वाटलं. पण काल कुणीतरी टाकलंय, चौफुल्याला हायवेवर नवीन मशीन बसणार, गाडी तासाभराच्या आत फुल चार्ज. आन् तवापासनं आप्पा झोपलेले न्हाईत. आज सकाळीच लिंबाखालनं हाक. "संपत, अर्ज लिहायचाय. विषय घाल, जलद चार्जिंगमुळं गावाला होणारा त्रास." म्हटलं, आप्पा, कुणाला त्रास? तर म्हणाले, "तू लिही. त्रासाचं मी सांगतो."

बरं, गाडी हाय का ह्या माणसाकडं? न्हाई! सायकल हाय, हवा न्हाई. स्वतःची नकोच हाय त्यांना. लेकीची तेवढी दारात उभी पाहिजे, सकाळपातूर... आन् अर्ज कुणी लिहायचा? ॲडमिननं!

...बघा, परत वाजला.